दमयंतीचं बोट

सावर्ड्याच्या बाहेर, हायवे सोडून काजूच्या बागांकडे वळलं की अजिंक्य सुर्वेची पत्र्याची शेड लागते. त्या शेडमध्ये मालकाला कोणी घाबरत नसे. अजिंक्य तसा गरीब स्वभावाचा माणूस, आवाज चढवायचा म्हटलं तरी त्यालाच खोकला यायचा. शेडमध्ये बायका घाबरत त्या दमयंती भुवडला, आणि खरं सांगायचं तर तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला.

इथे माडावर चढायची यंत्रं तयार होतात. यंत्र म्हणजे दोन लोखंडी चौकटी, एक डाव्या पायाची, एक उजव्या पायाची. प्रत्येकीचा तारेचा दोर माडाला वेढा घालतो. पाय टाकून भार दिला की दोर आवळतो, भार काढला की सैल पडतो, आणि असा एकेक पाय उचलत माणूस नारळापर्यंत पोचतो. लोखंड घाटावरून वाकवून येतं, पत्र्याचे भाग प्रेसमध्ये दाबून येतात. पण वाकवलेलं लोखंड म्हणजे काही यंत्र नव्हे. त्याला भोकं पाडायची, आटे पाडायचे, कडा घासायच्या, रिव्हेट मारायचे, दोर ओवायचा, तेव्हा कुठे त्यावर कोणी जीव सोपवू शकतं. ती सगळी कामं सावर्ड्यातल्या बायका करत.

दोर ज्या पत्र्याच्या भोकातून जातो त्याला शेडमध्ये कान म्हणत. कानाला भोक पाडलं की कडेला केसासारखी बारीक, धारदार किनार उभी राहते. तिचं नाव बर. कानशीने ती घासून काढायची. ती राहिली तर भार पडेल तशी दोराची एकेक तार आतून कापत जाते, आणि दोरावर प्लास्टिकचं आवरण असल्यामुळे बाहेरून कुणाला काही कळत नाही.

दमयंती घासलेल्या कानात बोट घालायची, एकदा फिरवायची, आणि सांगायची. "जाऊ दे." किंवा "परत घास." डोळ्यांना जे दिसायचं नाही ते तिच्या बोटाला कळायचं, आणि हे तिला स्वतःला फार चांगलं ठाऊक होतं. नवरा मुंबईत, सासू-सासरे गेलेले, मुलगी लग्न होऊन संगमेश्वरला. घरात कुणी तिला विचारणारं नव्हतं, म्हणून असेल कदाचित, पण शेडमध्ये आपल्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही याची तिला भारी घमेंड होती.

अजिंक्य कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आला आणि येताना कापूस घेऊन आला. म्हणाला, कडेवरून कापसाचा बोळा फिरवायचा, बर असेल तर तंतू अडकतात, सोपं आहे. दमयंतीने तो बोळा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला.

"शेठ, कापूस समईला लागतो," ती म्हणाली. सगळी शेड हसली.

अजिंक्यनेही हसून सोडून दिलं, आणि तिथेच चुकला. वाद नको म्हणून त्याने काम वाटून दिलं. डाव्या चौकटीचे कान श्रद्धा बघेल, कापसाने. उजवीचे दमयंती बघेल, तिला हवं तसे. श्रद्धा लग्न होऊन नुकतीच सावर्ड्यात आलेली, अबोल बाई. ती कापूस फिरवत बसायची आणि दमयंती जाता-येता तिला विचारायची, "काय गो, वाती वळून झाल्या?"

मग शिमगा आला. देवाची पालखी घरी यायची म्हणजे दमयंतीच्या अंगात वारं संचारायचं. मुंबईची सगळी भावकी आलेली. ओल्या काजूगरांची उसळ तर हवीच, आणि ती कोणी करायची हे ठरलेलं. टोपलीभर ओले काजू तिने एकटीने फोडले. काजूचा चीक हाताला लागला की कातडी जळते, म्हणून बायका आधी हाताला खोबरेल चोपडतात. दमयंतीने एकदा चोपडलं, मग पाहुण्यांच्या गडबडीत पुन्हा चोपडायचं राहिलं. उसळ मात्र अशी झाली की दिरांनी ताटं पुसून खाल्ली.

सणानंतर तिची बोटं काळी पडली, कातडी चामड्यासारखी कडक झाली. त्याचं कुणाला काय वाटणार? शिमग्यात निम्म्या बायकांचे हात असेच असतात. काही दिवसांनी ती कातडी सोलून पडते आणि खालून नवी येते. दमयंती सुट्टी संपवून शेडवर आली आणि कानांत बोट घालून सांगू लागली. जाऊ दे. जाऊ दे. जाऊ दे. माल भराभर निघाला. ती म्हणालीसुद्धा, "बगितलंत? सणानंतर हात कसा बसलाय बायकांचा."

तो माल मुरुडला गेला. दापोलीपलीकडचं, समुद्रकाठचं मुरुड. तिथे गावच्या बायकांना माडावर चढायला शिकवत होते, आणि त्यांना हवी असलेली यंत्रं अजिंक्यने दिली होती.

यंत्रं जाऊन काही दिवस झाले होते. एका सकाळी श्रद्धाने चुकून दमयंतीच्या पेटीतला कान उचलला, दमयंतीने पास केलेला, आणि सवयीने त्यावरून कापूस फिरवला. बोळा हातात आला, पण पांढरे तंतू कडेला तसेच लोंबत राहिले. तिने दुसरा उचलला. तिथेही तंतू. ती उठून दमयंतीकडे आली आणि तो कान पुढे धरला.

"हे काय?"

"काकी, बर हाय."

"कुठं हाय? दे हिकडं." दमयंतीने कान ओढून घेतला, बोट आत घातलं आणि रागारागाने फिरवलं. "लोन्यासारखा हाय. तुझा कापूसच खरबरीत. मना शिकवतीस?"

श्रद्धा तिच्याकडे बघत नव्हती. ती कानाकडे बघत होती. कानाच्या कडेवरून लाल थेंब घरंगळत खाली येत होता.

दमयंतीला आधी कळेचना की हे रक्त कुणाचं. तिने श्रद्धाचे हात बघितले, मग स्वतःचं बोट. काळी कातडी चांगली खोल चिरली होती. आणि दुखत नव्हतं. काहीच होत नव्हतं. तिने ते बोट अंगठ्याने दाबलं, मग दाताखाली धरलं.

पेटीतले सगळे कान तिने श्रद्धाला तपासायला लावले. बऱ्याच कानांवर तंतू अडकले. बाकीच्या बायका ड्रिलच्या आवाजात आपापल्या कामात होत्या. तेवढ्यात अजिंक्य मोबाइल नाचवत आत आला.

"दमयंतीताई, हे बघा! मुरुडचा फोटो, तिथल्या शिकवणाऱ्यांनी आत्ताच पाठवलाय. वेदिका म्हणून आहे त्यांच्यातली, सगळ्यांत तरबेज. बघा कुठे पोचलीय!"

फोटोत उंच माडाच्या शेंड्याजवळ एक बाई यंत्रावर उभी होती आणि खाली बघून हसत होती. सगळा भार उजव्या पायावर होता.

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी दमयंतीच्या मनात पहिली गोष्ट आली ती चांगली नव्हती. पेटीतले कान गुपचूप परत घासून घ्यावे. श्रद्धा तोंड उघडणार नाही, तिची काय बिशाद. तारेचा दोर काय एका दिवसात तुटतो? प्रशिक्षण संपलं की यंत्रं दुरुस्तीच्या नावाखाली परत मागवता येतील. हे सगळं तिच्या डोक्यातून वीज चमकावी तसं गेलं, आणि फोटोतली बाई हसतच होती.

"शेठ, तिला खाली उतरवा," दमयंती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझं बोट मेलंय. शिमग्यापासून मेलंय. उजवे कान मी आंधळ्यावानी पास केलेत. तिला उतरवा, शेठ!"

अजिंक्यने कापसाचे तंतू बघितले, रक्त बघितलं. तो ओरडला नाही. त्याने मुरुडला फोन लावला. तिथे शिकवायला रावजी म्हणून जुने पाडेली होते, आयुष्यभर नारळ पाडून गुडघे गेलेले. त्यांचा फोन वाजत राहिला. एकदा माडावरून खिशातला फोन पडून फुटल्यापासून फोटो काढून पाठवला की ते फोन लगेच गाडीच्या डिकीत ठेवतात, हे अजिंक्यला माहीत होतं. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"चला," तो म्हणाला. "गाडीत बसा."

चिपळूण मागे पडलं, परशुराम घाटात ट्रकच्या रांगेत गाडी अडकली. अजिंक्य एका हाताने हॉर्न दाबत होता आणि दमयंती त्याच्या फोनवर रावजींचा नंबर लावत होती. रावजी उचलत नव्हते. शेवटी वेदिकाचा नंबर सापडला. तो उचलला तिच्या सासूने, हौसाबाईंनी. फोन घरीच होता.

"ती माडावर गेलीय," म्हातारी म्हणाली. "जेवनाच्या वक्ताला येल."

"आजी, मी यंत्रवाला बोलतोय," अजिंक्य फोनकडे झुकून ओरडला. "तिला निरोप द्या, यंत्र खराब आहे, चढू नको!"

"खराब? मंग दिलंत कशाला?"

"आजी, कुणाला तरी पाठवा!"

"कोन हाय हितं? समदी बागेत गेलीत तमाशा बगायला. माजे पाय चालतत नाय रे बाबा..."

दमयंती ओरडली, "आजी, उजवा! उजवा खराब हाय, डावा चांगला हाय!" पण घाटाच्या वळणावर रेंज गेली होती. म्हातारीने यातलं किती ऐकलं, ऐकून ती उठली की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. पुढे कितीदा लावला तरी तो फोन लागला नाही.

खेड गेलं. दापोलीच्या चढाला लागले तेव्हा अजिंक्य पहिल्यांदा बोलला.

"कापूस दिला होता ना तुम्हाला?"

दमयंती रावजींचा नंबर पुन्हा लावू लागली.

"मीच हसलो त्या दिवशी," तो थोड्या वेळाने म्हणाला. "मी मालक. मी नको होतं हसायला." त्याचा आवाज इतका खचलेला होता की त्याने शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. प्रत्येक बागेत माड होते आणि प्रत्येक माडाच्या शेंड्याकडे तिची नजर जात होती.

मुरुडला पोचले, तर बागेत बायकांचा घोळका माना वर करून उभा होता. दमयंती गाडीतून उतरून धावली.

हौसाबाई आल्या होत्या. काठी टेकत, शिव्या घालत त्या बागेपर्यंत पोचल्या होत्या आणि माडाखाली उभं राहून त्यांनी सुनेला सांगितलं होतं, यंत्र खराब हाय, तुटनार हाय. वेदिका तेव्हा दुसऱ्या एका माडावर निम्म्याच्या वर चढलेली. हे ऐकल्यावर ती जी थांबली ती थांबलीच. वर जाता येईना, खाली येता येईना. कुठला भाग खराब तेच माहीत नाही, मग कुठला पाय हलवायचा? तेव्हापासून ती माडाला मिठी मारून उभी होती. हात थरथरताना खालूनही दिसत होते. दुसरं यंत्र लावून वर जावं तर बाकीची यंत्रंही त्याच मालातली. गावात अनवाणी चढणारा एक होता, तो कामाला दुसऱ्या गावी गेलेला. त्याला आणायला माणूस पाठवला होता, पण वेदिका तितका वेळ टिकेल का, हे कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

रावजी माडाच्या बुंध्याशी उभे होते, तोंड सुकलेलं. "कमरेला पट्टा हाय," ते अजिंक्यला म्हणाले. "पन पट्टा घसरतो. माड गुळगुळीत. पट्ट्यावर माणूस थांबत नाय."

दमयंतीने वर बघितलं. वेदिकाचे दोन्ही पाय चौकटींवर होते, भार दोन्हीवर.

"वेदिका!" ती ओरडली. "डाव्यावर उभी रहा! डावा चांगला हाय! उजवा तेवढा खराब हाय!"

वरून बारीक आवाज आला. "कोन तुमी?"

"मी सावर्ड्याची. यंत्र बनवनारी."

"डावा चांगला कशावरून?"

"तो श्रद्धाने तपासलाय. आमच्याकडची. कापूस फिरवून, नीट तपासलाय."

"आनि उजवा?"

घोळक्यातल्या सगळ्या बायका दमयंतीकडे बघू लागल्या. हौसाबाईसुद्धा. अजिंक्य पुढे झाला, तो काहीतरी बोलणार होता, पण तिने हाताने त्याला मागे सारलं.

"उजवा मी तपासला," ती वर बघून म्हणाली. "माझ्या बोटाला कळत नव्हतं, तरी मी पास केला. माझी चूक हाय. पन डाव्याबद्दल खोटं बोलत नाय. माझ्या मुलीची शपथ, डावा चांगला हाय."

वेदिकाने विश्वास का ठेवला असेल? आपली चूक आहे असं चारचौघांत ओरडून सांगणारी बाई निदान यात तरी खोटं बोलणार नाही, असं तिला वाटलं असेल. किंवा हात गळून गेले होते आणि दुसरं काही उरलं नव्हतं. तिने हळूच भार डावीकडे घेतला. चौकट कुरकुरली. दोराने माड आवळला आणि ती थांबली. खाली कुणीतरी हुंदका दिला.

"आता उजवा पाय यंत्रातून काढ," रावजी ओरडले. त्यांच्यात आता जीव आला होता. "खोडाला खाचा हायत, जुन्या पाडेल्यांच्या. तिथं पाय रोव. आमी चढायचो तसा."

तिने पाय काढला. उजवी चौकट मोकळी होऊन दोरावर लोंबकळली. अनवाणी पाय खोड चाचपडत खाली आला, घसरला, पुन्हा चाचपडला, आणि एका खाचेत बसला.

"मिठी घट्ट धर. भार हातांवर आनि खाचेवर. आता डावा सैल कर, थोडासाच खाली घे. थोडासाच! दाब. धरला?"

"धरला."

"शाबास पोरी. परत."

असं ती उतरू लागली. मिठी, खाच, डावा. मिठी, खाच, डावा. दमयंती बुंध्याला हात लावून डाव्या चौकटीची प्रत्येक कुरकुर ऐकत होती. मध्येच उजव्या चौकटीचा दोर खोडावर अडकला. वेदिकाने त्रासून तिला लाथ मारली. काहीतरी तटकन वाजलं आणि ती चौकट दोरासकट खाली येऊन वाळूत रुतली. घोळक्यातून किंकाळी उठली. वर वेदिका मात्र डाव्यावर उभी होती, डोळे मिटून, गाल माडाला लावून.

ती खाली आली तेव्हा तिच्या हातांची, छातीची सालटी निघाली होती. कुणी पाणी दिलं, कुणी पदराने वारा घातला. हौसाबाईंनी आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला पोटाशी धरून मोठमोठ्याने रडल्या. अजिंक्य वाळूत बसून तुटलेल्या दोराचं आवरण ब्लेडने सोलत होता. कानापाशी तारा एकसारख्या कापलेल्या होत्या, धारेने कापल्यासारख्या. शेवटच्या एकदोन तेवढ्या ताणून तुटल्या होत्या. एका पावलाचासुद्धा भार त्यांनी धरला नसता.

दमयंती वेदिकासमोर जाऊन उभी राहिली. पाया पडावं, माफी मागावी, काय करावं तिला सुचेना. वेदिकाने तिच्याकडे बघितलं. वयाने दमयंतीच्या मुलीएवढी असेल.

"नवीन यंत्रं कवा आनताव?" वेदिकाने विचारलं.

"तू परत चढनार?"

"मंग? माड काय पळून गेलेत?" ती हातावरचं रक्त पुसत म्हणाली. "पन यंत्रं घेऊन तुमीच यायचं, काकी. दुसरं कोन नको."

शेडमध्ये सगळे कान नव्याने घासले गेले, डावे आणि उजवे दोन्ही, आणि दोन्ही कापसाखालून गेले. दमयंतीची काळी कातडी सोलून पडली. खालची नवी इतकी हुळहुळी होती की चहाचा कपसुद्धा धरवत नव्हता. बायका तिच्याशी नीट वागत होत्या, जरा जास्तच नीट, आणि ते तिला सहन होत नव्हतं.

नवी यंत्रं घेऊन ती मुरुडला गेली तेव्हा बागेत त्याच सगळ्या बायका जमल्या होत्या. वेदिकाने टेम्पोतून एक यंत्र उचललं आणि त्याच माडाला जोडलं. मग बाजूला झाली.

"चढा, काकी."

दमयंती हसली. तिला वाटलं थट्टा आहे. वेदिका हसली नव्हती.

"मी? मी कधी चढले नाय गो. माझं वय बग."

"रावजी शिकवतत. तुमी चढल्याबिगर आमच्यातली एकबी पाय ठेवनार नाय."

अजिंक्य काही बोलायला पुढे झाला, पण रावजींनी त्याचा हात धरला. त्यांनी दमयंतीच्या कमरेला पट्टा बांधला, साडीचा काष्टा नीट खोचायला लावला, पाय कसा टाकायचा ते दाखवलं. ती एकेक पाऊल चढू लागली. जमीन खाली जात होती. समुद्राचा वारा लागत होता, माड हलत होता, किंवा तीच हलत होती. तिने खोडाला मिठी मारली आणि खाली बघितलं.

"बास?" तिने विचारलं.

"नाय," वेदिका म्हणाली. "मी व्हते तिथपर्यंत."

ती चढत गेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. वेदिकाने थांबा म्हटलं तेव्हा ती थांबली.

"आता उजव्यावर उभ्या रहा. एकट्या उजव्यावर."

दमयंतीने डावा पाय उचलला. उजवा दोर करकचला आणि त्याने माड आवळून धरला.

"आता मिठी सोडा."

दमयंतीला आपल्या हातून पास झालेला एकेक कान आठवत होता. तिने डोळे मिटले, सगळा भार उजव्या पायावर टाकला आणि आधी एक, मग दुसरा, असे दोन्ही हात सोडले.